‘लीव्ह अँड लायसन्स’मधली ‘लीव्ह’ कसली?

पुण्या-मुंबईत कधीतरी भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एक जोडशब्द बसलेला असतो, ‘लीव्ह अँड लायसन्स’. एजंट, सोसायटीचा सेक्रेटरी, चौकीत भाडेकरूची माहिती लिहून घेणारा पोलीस, सगळे तो सहज उच्चारतात. लायसन्स म्हणजे परवाना, एवढं कळतं. पण ‘लीव्ह’ कसली? अकरा महिन्यांनी घर सोडायचं म्हणून ‘लीव्ह’, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तर्काला धरून आहे, पण चूक आहे.

इथे ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ तोच होता. ऑफिसातली ‘लीव्ह’ त्यातूनच निघाली, म्हणजे कामावर न येण्याची परवानगी. सर्वोच्च न्यायालयाच्या बातम्यांत ‘एसएलपी’ येतं, त्याचं पूर्ण रूप ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’. राज्यघटनेच्या १३६व्या कलमाखाली अपिलासाठी न्यायालयाची खास परवानगी मागणारा तो अर्ज, म्हणून मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘विशेष अनुमती याचिका’ म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. गंमत म्हणजे आपली ‘रजा’ही याच वाटेने आली आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ मुळात संमती, परवानगी. ‘आता रजा घेतो’ म्हणणारा पाहुणा सुट्टी मागत नसतो.

घराचा करार, बँकेचं कर्जपत्र, मुखत्यारपत्र, अगदी पासपोर्टसुद्धा, अशा जुन्या इंग्रजी शब्दांनी भरलेला असतो. आपण पानं उलटतो आणि बोट दाखवतील तिथे सही करतो. यातले बरेचसे शब्द नुसते शोभेचे आहेत, काही फसवे आहेत आणि मोजके खरोखर पैशाचे आहेत. तेवढे ओळखता आले तरी पुष्कळ.

एका अर्थाला दोन शब्द कशाला?

परवानगी आणि परवाना एकच, तर दोन्ही का लिहायचे? याचं उत्तर १०६६ सालापासून सुरू होतं. त्या वर्षी नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. पुढे कोर्टात वाद फ्रेंचमध्ये, नोंदी लॅटिनमध्ये आणि फिर्यादी-आरोपी घरी बोलणार इंग्रजी, असा तिपेडी कारभार कित्येक पिढ्या चालला. दस्त लिहिणाऱ्याला शंका नको म्हणून तो दोन्हीकडचे शब्द घालून मोकळा होई. (दस्त म्हणजे व्यवहाराचा कायदेशीर कागद, हा शब्द पुढेही येईल.) ‘लीव्ह’ इंग्रजी, ‘लायसन्स’ फ्रेंचमधून आलेला. ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनचा. ‘गुड्स’ इंग्रजी, ‘चॅटल्स’ फ्रेंच. हा ‘चॅटल’ आणि गुराढोरांचा ‘कॅटल’ एकाच मुळाचे, कारण एके काळी जंगम मालमत्ता म्हणजे मुख्यतः जनावरंच. आपल्याकडचं ‘गोधन’ आठवा.

आपणही हेच करतो. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’ या जोड्यांतला एकेक शब्द फारसी-अरबीकडचा आणि दुसरा आपल्या घरचा. राज्यकर्त्यांची भाषा बदलली की असे जोडशब्द तयार होतात. इंग्रजीत मात्र पुढे त्याची सवयच लागली. ‘नल अँड व्हॉइड’मधले दोन्ही शब्द फ्रेंचकडूनच आलेले, तिथे कुणाला काही समजावण्याचा प्रश्नच नव्हता. कानाला भारदस्त लागतं, बस्स.

१३६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवलं की फ्रेंच लोकांना कळत नाही, तेव्हा कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्ये! नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि फ्रेंच काढण्याचा पक्का कायदा १७३१ साली झाला आणि १७३३ पासून अमलात आला. तोवर मुंबईत १७२६ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीचं मेयर्स कोर्ट मंजूर झालेलं होतं. म्हणजे इंग्लंडची कचेरी जुनी भाषा टाकत होती, त्याच सुमारास ती कचेरी आपल्याकडे येत होती. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय उभं राहिलं, १८७२ मध्ये करार कायदा आला आणि १८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायदा. नमुना दस्तांवरून नवे दस्त उतरवले गेले, टंकलेखन यंत्र गेलं, संगणक आला, आणि आता तेच परिच्छेद ‘कॉपी-पेस्ट’ने पुढे सरकतात.

शोभेचे शब्द

फ्लॅटच्या कराराची पहिली काही पानं ‘व्हेअरअॅज’, ‘अँड व्हेअरअॅज’ करत जातात. आजच्या इंग्रजीत हा शब्द ‘याउलट’ अशा अर्थी येतो, म्हणून वाचणारा गोंधळतो. इथे त्याचा अर्थ ‘ज्याअर्थी’ एवढाच. जमीन मूळ कुणाची, बिल्डरकडे कशी आली, नकाशा कधी मंजूर झाला, ही पार्श्वभूमी त्यात सांगितलेली असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा) नियमांसोबत विक्रीकराराचा जो नमुना दिला आहे, त्यातही हे ‘व्हेअरअॅज’ आहेत. ही पानं कंटाळवाणी खरी, पण जमिनीचा इतिहास इथेच असतो. शब्द शोभेचा असला तरी मजकूर तसा नाही, म्हणून तो वाचायचाच.

पार्श्वभूमी संपली की ठळक अक्षरांत येतं, ‘नाऊ धिस अॅग्रीमेंट विटनेसेथ’. कुणी म्हणतं यात साक्षीदारांची नावं येणार असतील. तसं काही नाही. ‘विटनेसेथ’ हे साधं क्रियापद आहे, हा करार साक्ष देतो की... शेवटचा ‘एथ’ हा प्रत्यय आज ‘एस’ने जी कामगिरी होते ती करायचा. सतराव्या शतकात तो लोकांच्या बोलण्यातून उतरला, पण चर्चच्या आणि कचेरीच्या भाषेत अडकून राहिला. आपल्या लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि ‘करण्याचे योजिले आहे’ छापतात ना, तसाच हा प्रकार. घरात असं कुणी बोलत नाही, पण ते छापलं नाही तर आजोबांना पत्रिका पत्रिकेसारखी वाटत नाही. तरी लग्न व्हायचं ते होतंच, आणि ‘विटनेसेथ’ नसला तरी करारही होतो.

मुखत्यारपत्रावर असतं, ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’. प्रेझेंट्स म्हणजे आहेर नव्हे, ‘हा समोरचा कागद’. एका लॅटिन वाक्याचं ते शब्दशः भाषांतर आहे: या लेखाने सर्वांस कळावे. आपल्या जुन्या कागदांतला ‘कळावे’ आणि हा ‘नो’ सख्खे शेजारी म्हणायला हरकत नाही.

शोभेच्या शब्दांत माझा आवडता ‘इंडेंचर’. जुन्या दस्ताच्या माथ्यावर तो मोठ्या अक्षरांत असतो. मुळाशी लॅटिनमधला दात. एकाच चामड्यावर तोच मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी, वाकडीतिकडी रेघ कापून एकेक तुकडा दोघांनी न्यायचा. पुढे भांडण झालं तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. दाते जुळले तर कागद खरा. कार्बन कॉपी, फोटोकॉपी, नोटरी, यातलं काहीही नसताना बनावट कागद पकडण्याची ही युक्ती होती. दाते गेले, नाव राहिलं. ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या करारालाही हेच नाव होतं. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या अशा मजुरांत मराठी मुलखातलेही लोक होते. त्यांच्या तोंडी ‘अॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि ते ‘गिरमिटिया’ ठरले. सही किंवा अंगठा केलेल्या कागदातला एकही शब्द न कळण्याची किंमत किती असू शकते, हे त्यांच्याइतकं कुणी मोजलं नसेल.

चेहरा ओळखीचा, अर्थ परका

‘विटनेसेथ’ निदान विचित्र दिसतो, त्यामुळे आपण थबकतो. अवघड जातात ते रोजच्या वापरातले शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही.

‘डिमाइज’ घ्या. वर्तमानपत्रात तो निधनासाठी येतो. भाडेपट्ट्यात ‘द डिमाइज्ड प्रिमायसेस’ असं दिसलं की वास्तूत काहीतरी अशुभ घडलंय असं वाटावं. दस्तात ‘डिमाइज’ म्हणजे भाडेपट्ट्याने देणं, आणि हाच त्याचा आधीचा अर्थ. मृत्यूचा अर्थ मागाहून चिकटला: राजा वारला की राज्य दुसऱ्याकडे हस्तांतरित होई, त्या हस्तांतरणाला हा शब्द होता. लोकांनी तो राजाच्या मरणाला लावला आणि मग सगळ्यांच्याच.

‘डिटरमिनेशन’ म्हणजे निर्धार नव्हे, शेवट. ‘ऑन डिटरमिनेशन ऑफ द लीज’ म्हणजे भाडेपट्टा संपल्यावर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११व्या कलमाचा मथळाच असा आहे, आणि तो संपण्याचा पहिला मार्ग म्हणून तिथे मुदत सरणं सांगितलं आहे. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. फ्लॅटची किंमत या शब्दाखाली असते, तेव्हा आकडा शोधताना हाच शब्द शोधा. ‘क्वाएट एन्जॉयमेंट’चा शेजारच्या ढोल-ताशाशी संबंध नाही. मालकाने किंवा त्याच्या वतीने कुणी मध्येच येऊन तुमच्या वापरात अडथळा आणायचा नाही, एवढीच ती हमी. मराठी दस्तात याला ‘निर्वेध उपभोग’ म्हणतात, आणि तिथल्या ‘उपभोग’ातही मौजमजा अभिप्रेत नसते.

सगळ्यात चकवा देणारा शब्द मात्र तुमच्या कपाटात आहे. पासपोर्ट उघडून आतल्या बाजूचा छोटा मजकूर वाचा. राष्ट्रपतींच्या नावाने विनंती केली आहे की धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. ‘लेट’ म्हणजे तर होऊ देणं; मग ‘होऊ देण्याशिवाय जाऊ द्या’ याचा अर्थ काय लावायचा? जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं. उच्चार घासत घासत दोघांचं रूप एक झालं. एकाच रूपाचे दोन उलटे अर्थ पेलवेनात, तेव्हा अडवणारा ‘लेट’ मागे पडला. तो दोन-तीन ठिकाणी तेवढा उरला आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतो, तो हा. बिल्डिंगवरची ‘टू लेट’ पाटी मात्र पहिल्याची, होऊ देणाऱ्याची. पासपोर्टवर त्याच मजकुराचं हिंदी ‘बिना रोक-टोक’ असं आहे. लखलखीत. तिथे कुणाला शब्दकोश उघडावा लागत नाही.

ज्या शब्दावर पैसे जातात

गृहकर्जाच्या कागदात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द असतातच. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, हे शाळेत शिकलेलं. म्हणून ‘सगळे मिळून, बरेच जण’ असा काहीतरी अर्थ मनात लावून आपण पुढे जातो. इथे मात्र थांबायचं. ‘सेव्हरल’चा जुना अर्थ वेगळा, स्वतंत्र, ‘सेपरेट’ हा त्याचा नातलग. ‘सेव्हरली’ म्हणजे प्रत्येकजण सुटा सुटा. कर्जाची जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे, आणि प्रत्येकाची एकट्याची पूर्णही आहे.

नवरा-बायकोने किंवा दोघा भावांनी मिळून कर्ज घेतलं, तर निम्मं निम्मं ही वाटणी त्यांच्या आपसातली. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. एकाने हात वर केले तर बँक दुसऱ्याकडून सगळी रक्कम मागू शकते. करार कायद्याच्या ४३व्या कलमात याचं उदाहरणच दिलं आहे: अ, ब आणि क यांनी मिळून ड ला ३,००० रुपये द्यायचं कबूल केलं, तर ड तिघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण ३,००० घेऊ शकतो. ज्याने भरले त्याने मग उरलेल्या दोघांकडून त्यांचा वाटा मागत बसायचं. विरुद्ध काही ठरलेलं नसेल तर कायदा असाच चालतो, म्हणजे ‘सेव्हरली’ हा शब्द कागदातून खोडला तरी आपल्याकडे सुटका नाही. घटस्फोटानंतर किंवा भावाभावांत बिनसल्यावर ‘माझा अर्धा हप्ता मी भरतोय’ म्हणणारे इथेच अडकतात.

जामीनदाराचंही तसंच. पतसंस्थेत मित्राच्या कर्जाला जामीन राहताना ‘नुसती सही आहे रे’ असं सांगितलं जातं. करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. ‘नुसती सही’ नावाची वस्तू कायद्यात नाही.

पैशाच्या शब्दांत आणखी एक टोळी येते: ‘एअर्स, एक्झिक्युटर्स, अॅडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स’. नुसती पुनरुक्ती वाटते, पण तशी ती नाही. पहिले वारस. ‘एक्झिक्युटर’ म्हणजे मृत्युपत्रात नाव लिहून नेमलेला व्यवस्थापक. मृत्युपत्र नसेल, किंवा त्यात कुणी नेमलेलं नसेल, तर कोर्ट नेमतं तो ‘अॅडमिनिस्ट्रेटर’. ‘असाइन्स’ म्हणजे ज्यांना तुम्ही तुमचा हक्क पुढे दिला ते लोक. चौघांची वाट वेगवेगळी. इथे वाचताना पाहायचं ते असं, की बिल्डरच्या नावापुढे ‘असाइन्स’ आहे आणि तुमच्या नावापुढे तो गळला आहे का. असेल तर का, हे सहीआधी विचारा. आणि एखाद्या कंपनीला ‘एअर्स’ दिलेले दिसले, तर तो परिच्छेद भलत्याच दस्तातून उचललेला आहे हे नक्की. कंपनीला लेकरंबाळं नसतात, तिथे उत्तराधिकारी म्हणून ‘सक्सेसर्स’ लागतात.

‘हे शब्द काढले तर दस्त कच्चा राहील’

वकिलांचा हा आक्षेप अगदी पोकळ नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ कोर्टाने निकालांतून पक्का केलेला असेल, तर तो बदलून नवा शब्द आणणं म्हणजे नव्या वादाला जागा करून देणं. ‘इंडेम्निटी’ (नुकसान भरून देण्याची हमी), ‘ईझमेंट’ (दुसऱ्याच्या जागेवरचा वहिवाटीचा हक्क), ‘लीन’ (देणं फिटेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क) असे शब्द त्यांच्या जागी राहू द्यावेत. पण ही सबब ‘विटनेसेथ’ला लागू पडत नाही, ‘हिअरइनबिफोर’लाही (‘यात आधी सांगितल्याप्रमाणे’) नाही. त्यांच्या अर्थावरून कोण कशाला भांडेल? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४व्या कलमात शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त लागतो असं म्हटलं आहे. तो कुठल्या शतकातल्या इंग्रजीत असावा, याबद्दल अवाक्षर नाही.

शिवाय नुसत्या शब्दाने व्यवहाराचं स्वरूप ठरत नाही. पुन्हा ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे या. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं की घरमालक ‘भाडं’ हा शब्दच टाळू लागले. भाडेकरू नव्हे, परवानाधारक. भाडं नव्हे, ‘कॉम्पेन्सेशन’. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच, दिल्लीतल्या एका हॉटेलच्या खोल्यांच्या प्रकरणात, सांगितलं की कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा त्याचा गाभा काय आहे ते पाहायचं. आणि १९७३ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. नावाची ढाल त्या दिवशी कामाला आली नाही.

जिथून हे शब्द आले त्या इंग्लंडने तरी ते जपले का? १९२५ च्या मालमत्ता कायद्यात त्यांनी म्हटलं, दातेरी कापलेला नसला किंवा ‘इंडेंचर’ म्हटलेलं नसलं तरी दस्त तेवढाच पक्का, आणि दस्ताला नुसतं ‘डीड’ म्हटलं तरी चालेल. १९९९ मध्ये दिवाणी कोर्टांनी दावा लावणाऱ्या वादीचा ‘प्लेंटिफ’ काढून ‘क्लेमंट’ आणला. आपल्या दिवाणी कोर्टांत ‘प्लेंटिफ’ अजून ठणठणीत आहे.

‘मग दस्त मराठीतच करावा’

करावा की. नोंदणी कायद्याचं १९वं कलम आडवं येतं ते दुय्यम निबंधकाला (दस्त नोंदवणाऱ्या सब-रजिस्ट्रारला) न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात न चालणाऱ्या भाषेतल्या दस्ताला; त्यासोबत भाषांतर लागतं. महाराष्ट्रात मराठीला तो प्रश्नच नाही, आणि गावाकडची खरेदीखतं मराठीतच होतात.

पण मराठी दस्त म्हणजे सोपा दस्त, या भ्रमात राहू नका. ‘सदरहू मिळकत’, ‘साल मजकूर’, ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसे जे’ ही आपली ‘विटनेसेथ’ मंडळी. इंग्रजी दस्तात जिथे ‘मेसवेजेस, टेनेमेंट्स, हेरेडिटामेंट्स’ अशी रांग लागते (घर नि त्याभोवतीचं आवार, धारण केलेली जागा, वारशाने जाऊ शकणारी मालमत्ता), तिथे आपल्याकडे ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ येतं. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेव. इनामाच्या सनदांतून उतरलेली ही यादी ऐकायला देखणी आहे, हे कबूल. शेतजमिनीच्या दस्तात तिला थोडाफार अर्थही आहे, विहीर आणि आंबे कुणाचे ते कळतं. सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत तृण-काष्ठ शोधायचं कुठे, हे ती तशीच उतरवून देणाऱ्याला विचारावं.

आणि मराठी मसुद्यात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ किंवा ‘एकत्रित व वैयक्तिकरीत्या’ अशी ओळ दिसली, तर ती आपली वर भेटलेली ‘जॉइंटली अँड सेव्हरली’च. सहकर्जदार म्हणून सही करण्यापूर्वी बँकेतल्या माणसाला एवढंच विचारायचं: दुसऱ्याने भरलं नाही तर माझ्याकडून किती घेणार? उत्तर ‘सगळं’ असंच येईल.